नळी झिजली आहे, असं म्हण

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, लुएलाच्या कॅफेत, सकाळच्या ऐन गर्दीत वेर्लिन हॉकने जाहीर केलं की त्याच्या रायफलीची नळी झिजली आहे.

मी त्याच्या समोरच बसलो होतो आणि माझ्या तोंडात पॅनकेक होता. ती नळी मी बसवलेली. नुसती बसवलेली नाही, अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात अकरा दिवस लेथपुढे उभं राहून घडवलेली. हार्लन फोर्क गावात बंदुकांचं काम करणारा मी एकटाच, सेल्मर रॉस्टॅड. एक्केचाळीस वर्षांत माझ्या कामाबद्दल चारचौघांत असं कुणी बोललं नव्हतं. निदान माझ्या तोंडावर तरी नाही.

"काय झिजलंय म्हणालास?"

"नळी. गोळ्या कुठेही जातात. परवा शंभर यार्डांवर पाच मारल्या, पाच दिशांना गेल्या."

"दिशा चारच असतात."

"तिने पाचवी शोधली."

सगळा कॅफे हसला. मी नाही हसलो. बाकीच्यांना हसायला काय जातं? त्यांच्या कामाला कुणी नाव ठेवत नव्हतं.

ही रायफल कशी होती ते सांगतो, म्हणजे मला राग का आला ते कळेल. तीनशे मॅग्नम. काडतूस बोटाएवढं लांब. समोरचा एल्क, म्हणजे घोड्याएवढं हरीण, जागच्या जागी बसतो, आणि चाप ओढणाऱ्या माणसालाही दिवसभर आठवण राहते. दस्ता अक्रोडाचा, वेर्लिनच्या गालाच्या मापाने तासलेला. आणि नळी अशी की पहिल्याच दिवशी शंभर यार्डांवर तीन गोळ्या एका भोकातून गेल्या. तीन गोळ्या, एक भोक. लोक आले, कागद उलटसुलट करून बघितला, दोन गोळ्या कागदाला लागल्याच नसतील असंही म्हणून झालं. त्यानंतर मी साठ-एक नळ्या बसवल्या असतील. तशी पुन्हा एकही उतरली नाही. तेच हात, तोच लेथ, तेच पोलाद. तेव्हा काय जमून आलं होतं ते मला आजही माहीत नाही, पण मी ते कुणाला सांगत नाही. विचारलं तर 'अनुभव' म्हणतो.

आणि वेर्लिनने नेमका आत्ताच हा घोळ काढायचं कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. मोठ्या शिंगांच्या डोंगरी मेंढ्याच्या परवान्यासाठी तो चौतीस वर्षं सरकारच्या सोडतीत अर्ज भरत होता. चौतीस वर्षं उत्तर एकच, नाही. या जूनमध्ये 'हो' आलं. शाळेची बस तीस वर्षं चालवलेला शांत माणूस, पण पत्र हातात घेऊन तो अनवाणी रस्त्यावर आला आणि पोस्टमनला मिठी मारून बसला. एक मेंढा मारला की पुढची सात वर्षं अर्जसुद्धा करता येत नाही. वेर्लिन एकाहत्तरचा. म्हणजे हा परवाना पहिला आणि हाच शेवटचा.

"नळी बदलायचीच असेल तर साडेसहाची बसवा ना, वेर्लिन," पलीकडच्या टेबलावरून गॉर्डी बोलला. हा चाऱ्याच्या दुकानातला. वय तेहतीस, दाढी पोटापर्यंत. "धक्काच बसत नाही. माझी बायको मारते."

"तुझी बायको तुलाही मारते," मी म्हटलं. "त्याचा धक्का कुणाला बसतो?"

साडेसहा म्हणजे साडेसहा मिलिमीटर जाडीची गोळी. अलीकडे ज्याला त्याला तीच हवी. दाढीला तेल लावणाऱ्या पोरांचं काडतूस, असं मी गेली दहा वर्षं सांगत आलो होतो, दुकानात आणि दुकानाबाहेर. मला कुणी साडेसहाची नळी बसवायला सांगितली की मी बसवून देतो, पण देताना तोंड असं करतो की गिऱ्हाईक पुन्हा मान वर करून बघत नाही.

"मेंढा काय एल्कएवढा असतो?" गॉर्डी म्हणाला. "साडेसहा भरपूर झालं."

"वेर्लिन, तू बोल. तुला साडेसहा हवी?"

वेर्लिनने कॉफीत साखर घातली. त्याला साखर चालत नाही. "नळी झिजलीच आहे म्हटल्यावर," तो कपाकडे बघत म्हणाला, "नवी काय, कसलीही चालेल."

मग लुएलाने कॉफीची किटली खाली ठेवून हात वर करायला लावले. तीनशेच्या बाजूने सात, साडेसहाच्या बाजूने नऊ. त्या नवांत दोघं असे होते की ज्यांनी जन्मात मासा सोडून काही मारलेलं नाही. मी त्याच दिवशी रायफल दुकानात आणायला सांगितली.

नळीत घालायचा बारका कॅमेरा माझ्याकडे आहे. मी दोन तास आत बघत बसलो. काडतुसाचं घर स्वच्छ, आतल्या खाचा धारदार, तोंडाशी एक ओरखडा नाही. हजारसुद्धा गोळ्या गेल्या नव्हत्या तिच्यातून. तिचं वय झालं नव्हतं, आणि ज्याचं झालं होतं त्याचं नाव मी सांगायला हवं असं नाही.

कारण मला सगळं कळलं होतं. वेर्लिन दचकत होता. चाप ओढायच्या आधी अर्धा क्षण डोळे मिटतात, खांदा आक्रसतो, हात नळीला खाली दाबतो. मोठ्या बंदुकीचा धक्का वर्षानुवर्षं खाल्ला की अंग आपलं आपणच शिकतं, माणसाला न विचारता. यात लाजण्यासारखं काही नाही, असं मी दरवर्षी नव्या शिकाऱ्यांच्या सरकारी वर्गात पोरांना सांगतो. पोरांना सांगणं सोपं असतं.

मी वेर्लिनला फोन केला. "नळी ठणठणीत आहे."

"तू मारून बघितलीस?"

"मारायला मला वेळ कुठे आहे? कॅमेऱ्यात बघितली."

"मग कॅमेरा झिजला असेल," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आर्डिस आली, वेर्लिनची बायको. हातात रुबार्बचा पाय, म्हणजे आंबट देठांचं गोड सारण भरून भाजलेली जाड पोळी. आर्डिसचा पाय हार्लन फोर्कमध्ये फक्त दोन वेळा मिळतो, कुणी मेल्यावर आणि आर्डिसला काही हवं असल्यावर. मी बघितलं तर दुकानात सगळे जिवंत होते.

तिने पायची थाळी लेथवर ठेवली. लेथवर मी कुणाला हातसुद्धा ठेवू देत नाही.

"सेल्मर, नळी झिजली आहे, असं म्हण."

"झिजलेली नाही."

"मला माहीत आहे झिजलेली नाही. झिजली आहे का, असं मी विचारलं नाही. म्हण, असं सांगितलं."

"आर्डिस, तो दचकतो."

"मी एकोणपन्नास वर्षं त्याच्या शेजारी झोपते. तू मला सांगणार?" ती स्टुलावर बसली. "मागच्या तीन हंगामांत त्याने एकदाही चाप ओढलेला नाही. हरीण समोर आलं की म्हणतो, लहान आहे. एल्क आला की म्हणतो, लांब आहे. गेल्या वर्षी एक इतकं जवळ उभं होतं की मी गाडीतून त्याच्या पापण्या मोजल्या. तरी म्हणाला, वारा आहे."

"मग त्याने सरळ सांगावं."

"तुला? तू त्याला सोडशील? पंधरा मिनिटांत सगळ्या कॅफेला कळेल. तो जीव गेला तरी सांगणार नाही. पण नळी झिजली म्हटलं की प्रश्नच मिटला. नळी बदलायची, बदलायचीच आहे तर हलकी बदलायची, आणि माझा माणूस ताठ मानेने डोंगरावर जाईल."

मी तिला दुसरे मार्ग सांगितले. दुसरी हलकी रायफल देतो, वापरायला घे म्हणावं. तर म्हणे, त्याला हीच हवी, हिचा दस्ता त्याच्या गालाला माहीत आहे. नळीच्या तोंडाला ब्रेक लावतो, धक्का निम्मा होतो. पण आवाज दुप्पट होतो हे मला कबूल करावं लागलं.

"आधीच प्रत्येक गोष्ट मी तीनदा सांगते," आर्डिस म्हणाली. "ब्रेक लावलास तर पत्र लिहायला लागेल."

"आणि नुसती नळी बदलून भागत नाही. साडेसहाचं काडतूस बारीक, ते आत ढकलणारा बोल्टही बदलावा लागेल. नवी नळी, नवा बोल्ट. मग जुनं राहिलं काय?"

"तुझा एक गुडघा नवा, दात नवे, एका डोळ्यात नवं भिंग," ती म्हणाली. "आम्ही अजून सेल्मरच म्हणतो."

तिचा आवाज खाली आला.

"त्याला भीती मेंढा चुकण्याची नाही. चुकला तर चुकला. त्याला भीती आहे की अर्धवट लागेल. पोटात गोळी घेऊन जनावर कड्याकडे जाईल आणि सापडणार नाही. तो झोपेत बोलतो हे. चौतीस वर्षं वाट बघायची आणि शेवटी तेवढंच आठवत मरायचं? एक वाक्य माग‌ते आहे, सेल्मर. तेही खोटं."

तेव्हाच मी हो म्हणायला हवं होतं. आजही ते आठवलं की मला माझीच चीड येते. पण मी भिंतीकडे बघितलं, तिथे तो एका भोकाचा कागद लावलेला होता, आणि माझ्या तोंडून निघालं, "मी माझ्या नळीवर खोटा आळ घेणार नाही."

आर्डिस उठली. पायची थाळी उचलून परत घेऊन गेली.

मी ठरवलं की वेर्लिनला त्याच्याच हाताने दाखवून द्यायचं. आमच्या धंद्यात याला जुनी युक्ती आहे. खऱ्या काडतुसांत एखादं मुकं काडतूस मिसळायचं. दारू नाही, ठिणगी देणारी टोपी निकामी. मारणाऱ्याला माहीत नसतं कोणतं मुकं ते. खरं काडतूस उडालं की धक्क्यात सगळं झाकलं जातं, पण मुक्यावर नुसता 'टक' होतो आणि रायफल स्थिर हवी ती खाली मुंडी घालते. मग वाद संपतो.

मी पाच मुकी काडतुसं केली आणि जीव ओतून केली. वजनावरून ओळखू येऊ नयेत म्हणून आत न्याहारीचा रवा भरला, खऱ्या दारूच्या वजनाला वजन. वरून पुसून घेतली. खुणेचा ओरखडासुद्धा ठेवला नाही. पंधरा खरी, पाच मुकी, वीसचा डबा भरला आणि खडखडवला. आता ती वेर्लिनलाच काय, मलाही ओळखू येत नव्हती. मी स्वतःवर खूश होऊन झोपलो.

शनिवारी सकाळी गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत आम्ही तिघं जमलो. चांदमारीची जागा तीच. टेबल, वाळूच्या पिशव्या, शंभर यार्डांवर कागद. आर्डिस घडीच्या खुर्चीवर दुर्बीण घेऊन बसली. माझ्याशी ती बोलत नव्हती.

"ये, वेर्लिन," मी म्हटलं. "बस. पाच मार. नळी झिजली असेल तर कागद सांगेल."

वेर्लिनने टेबलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तू मार आधी."

"मी कशाला?"

"नळी तुझी. चांगली आहे म्हणतोस तर तूच दाखव. तू मारलेल्या एका ठिकाणी गेल्या तर मी मान्य करतो, दोष माझा. सगळ्या कॅफेसमोर सांगतो."

यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. आर्डिसने पहिल्यांदाच दुर्बीण खाली घेऊन माझ्याकडे बघितलं.

आता मला एक गोष्ट सांगायला हवी, जी मी तोपर्यंत कुणाला सांगितली नव्हती. मी सहा वर्षं मोठी बंदूक खांद्याला लावली नव्हती. हंगामात लोक विचारायचे, काय सेल्मर, यंदा जाणार की नाही? मी म्हणायचो, हंगामात दुकान कोण बघणार? तुमच्याच बंदुका ऐनवेळी मोडतात. दुरुस्त केलेल्या बंदुका मी शिकंज्यात बांधून उडवायचो, दोरी लावून, हिशोबाने चार पावलं लांब उभा राहून. सुरक्षेसाठी, असं सांगायचो.

मी बसलो. डब्यातून काडतूस घेतलं, बोल्ट सरकवला, दस्त्याला गाल लावला. मनाशी म्हटलं, विसांत पाच, एवढं काही लगेच मुकं येत नाही.

पहिलं खरं निघालं. धडाड् झालं, खांद्यातून कळ मानेपर्यंत गेली आणि डोळ्यांतून पाणी आलं. आर्डिस दुर्बिणीतून म्हणाली, "कागदावर आहे. कोपऱ्यात."

"वारा आहे," मी म्हणालो.

दुसरं भरलं. श्वास सोडला. चाप ओढला.

टक.

आणि मी जे केलं ते केलं. डोळे गच्च मिटले, खांदा कानाला लावला, तोंडातून 'हुं' असा आवाज काढला, आणि नळी अशी खाली मारली की पुढची वाळूची पिशवी टेबलावरून घरंगळली. गोळी निघालीच नव्हती आणि मी मात्र तिचा अख्खा धक्का खाऊन मोकळा झालो होतो.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण काडतूस उडालं नाही तर एक नियम आहे. कधी कधी टोपी उशिरा पेट घेते, म्हणून रायफल आहे तशी निशाणाकडे धरायची, खांदा काढायचा नाही, बोल्ट उघडायचा नाही, पूर्ण एक मिनिट हलायचं नाही. हा नियम सबंध तालुक्याला मी शिकवला आहे. वेर्लिनच्या दोन्ही मुलांना शिकवला. गॉर्डीला शिकवला. आणि आत रवाच आहे असं मला वाटत असलं तरी खात्री कशी देणार? खूण मीच ठेवली नव्हती.

तेव्हा मी त्याच अवघडलेल्या स्थितीत, खांदा कानाशी, कागदाकडे तोंड करून एक मिनिट बसून राहिलो. माझे कान तापले. एक मिनिट किती लांब असतं ते बसून बघितल्याशिवाय कळत नाही.

"झालं एक मिनिट," शेवटी आर्डिस घड्याळात बघून म्हणाली. तिचा आवाज नीट निघत नव्हता.

मी बोल्ट उघडला. काडतूस टेबलावर पडलं. वेर्लिनने ते उचललं, कानाशी धरून हलवलं आणि पक्कडीने गोळी उपटली. टेबलावर पांढरा रवा सांडला.

"हे माझ्यासाठी होतं?" तो म्हणाला.

"हो."

मला वाटलं आता हा हसेल, आणि ख्रिसमसपर्यंत हसत राहील. माझी तेवढीच लायकी होती. पण वेर्लिन टेबलाच्या कडेवर बसला आणि बोटाने रवा एका जागी गोळा करत राहिला.

"किती वर्षं?" त्याने विचारलं.

"सहा. गुडघ्याच्या आधीपासून."

"मला तीन." त्याने खांदा चोळला. "मला वाटायचं, मी एकटाच."

"मलाही तेच वाटायचं."

"तू दुकानाचं कारण सांगायचास."

"तू वाऱ्याचं."

"वारा खरंच होता रे एकदा," वेर्लिन म्हणाला, आणि तिथे आर्डिसचा बांध फुटला. ती इतकी हसली की घडीची खुर्ची मिटली आणि ती खडीवर बसली. मग आम्हीही हसलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सगळं हसण्याचं नव्हतं. सहा वर्षांचं ओझं होतं, आणि आर्डिसने तर एका पायच्या बदल्यात फक्त एक खोटं वाक्य मागितलं होतं. तेवढं मला जमलं नव्हतं.

"वेर्लिन," मी म्हटलं, "नळी काढू या."

"चांगली आहे ना पण?"

"पहिल्या दिवशी होती तेवढीच चांगली आहे."

"तशी पुन्हा होणार नाही, सेल्मर. मला माहीत आहे. त्या वेळी तुला जमली ती जमली. कशी जमली ते तुझं तुलाही माहीत नाही."

म्हणजे त्याला हेही माहीत होतं. अठ्ठावीस वर्षं माझा 'अनुभव' ऐकून घेत होता.

"चालेल," मी म्हटलं. "मेंढ्याला एका भोकात तीन गोळ्या नको असतात. एकच लागते, आणि ती मारणाऱ्याचे डोळे उघडे लागतात."

सोमवारी नळी काढली. शिकंज्यात धरली, लांब पाना लावला. ती हलेना. मी तेव्हा इतकी घट्ट बसवली होती की जणू पुन्हा कधी काढायचीच नव्हती. शेवटी वेर्लिनने शिकंजा धरला, मी पान्यावर सगळं वजन टाकलं, आणि कट् असा आवाज होऊन ती सुटली. मला वाईट वाटलं. खूप वाटलं. वेर्लिन मुद्दाम दाराबाहेर जाऊन ट्रकचे टायर बघत बसला.

मंगळवारी मी कॅफेत गेलो, उभा राहिलो आणि सांगितलं की नळी झिजली होती.

"तुम्ही तर शंभर वर्षं टिकेल म्हणायचात," गॉर्डी म्हणाला.

"चुकलो."

"आणि आता साडेसहा?"

"साडेसहा."

गॉर्डीने दाढी कुरवाळत तोंड उघडलं, तेवढ्यात लुएलाने त्याच्या कपात कॉफी ओतली आणि त्याला गप्प बसायला लागलं. त्या दिवशी घरी आलो तर दारात अख्खा रुबार्ब पाय होता. मेलं कुणी नव्हतं.

नवी नळी चांगली उतरली. चांगली म्हणजे साधारण. शंभर यार्डांवर तीन गोळ्या, सव्वा इंचात. लाज वाटावी असं नाही, चौकट करून लावावं असंही नाही. वेर्लिनने जुलैभर आणि ऑगस्टभर खाणीत रोज दहा काडतुसं मारली. पहिले दोन आठवडे तो या चिमुकल्या काडतुसालाही दचकायचा. मी रव्याची काडतुसं मिसळून द्यायचो, आर्डिस 'मुंडी' असं ओरडायची, तो शिव्या द्यायचा. ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी टक झालं आणि रायफल जागची हलली नाही. आर्डिसने नुसतं विणकाम बाहेर काढलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, मेंढे वरून उतरतात तेव्हा, आम्ही दोघं डोंगरावर गेलो. दुकानाला पाटी लावली, 'बंद'. ऐन हंगामात, एक्केचाळीस वर्षांत प्रथमच. दुसऱ्या शिकाऱ्यांना दिसावं म्हणून दोघांनी नारिंगी बंड्या घातल्या होत्या, आणि दर शंभर पावलांनी देखावा बघण्यासाठी थांबत होतो. देखावा आम्ही दोघांनी जन्मभर बघितलेला आहे.

तिसऱ्या दिवशी, दोनशे दहा यार्डांवर, गवताच्या उतारावर तो उभा होता. शिंगं पूर्ण वळलेली. वेर्लिन पाठपिशवीवर रायफल टेकवून पालथा पडला. मी शेजारी दुर्बीण घेऊन.

"किती?" तो पुटपुटला.

"दोनशे दहा. वारा नाही."

"नाही ना?"

"अजिबात नाही. आता कारण शोधू नकोस."

मी मेंढ्याकडे बघायला हवं होतं. गोळी कुठे लागली ते सांगणं माझं काम होतं. पण मी दुर्बीण खाली घेतली आणि वेर्लिनच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्याचा खांदा सैल होता. डोळा उघडा होता. बोट हळूहळू मागे आलं, बार झाला, आणि डोळा उघडाच राहिला. मेंढा दोन पावलं चालला आणि बसल्यासारखा खाली गेला. पुन्हा उठला नाही.

आम्हाला त्याच्यापाशी पोचायला पाऊण तास लागला. वेर्लिनने हातमोजा काढून शिंगावर हात ठेवला आणि तसाच बसून राहिला. चौतीस वर्षं. मग मी तेच बोललो जे मला सकाळपासून बोलायचं होतं.

"वेर्लिन, माझ्या खिशात हरणाचा परवाना आहे. ऑगस्टमध्येच घेतला. कुणाला सांगितलं नाही."

त्याने वर बघितलं.

"तुझी रायफल देशील?"

मला वाटलं आता सुरू होईल. दहा वर्षं मी साडेसहाला जे जे बोललो होतो ते सगळं हा एकेक करून काढेल, आणि या डोंगरावर मला पळायला जागाही नव्हती. वेर्लिनने बोल्ट उघडला, काडतुसाचं घर रिकामं असल्याचं बघितलं आणि रायफल दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"घे. उतरताना खिंडीत असतात ती संध्याकाळची," तो म्हणाला. "पण डोळा मिटायचा नाही. मगाशी तू माझ्या तोंडाकडे बघत होतास ना, तसाच मी तुझ्याकडे बघणार आहे."